शॅडो टीचरला मराठीत काय म्हणाल?

शमिका_नाशिक
एका शाळेची पालकपुस्तिका मराठीत करून देते आहे. सगळं सुरळीत चाललं होतं, 'शॅडो टीचर'पाशी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या एका मुलाच्या मदतीला वर्गात सोबत असणाऱ्या शिक्षिकेपाशी, गाडी अडली. मी 'सावली-शिक्षिका' लिहिलं. कच्चा खर्डा एका मुलाच्या आजींना वाचायला दिला, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पोराला ऊन लागू नये म्हणून बाई ठेवल्यात का?" वाक्य असं आहे: 'मुलाला शॅडो टीचरची गरज असल्यास ती व्यवस्था पालकांनी करावी.' बुधवारी छपाईला जायचंय. सुचवा.

गुरुजी_जिप
मदतनीस लिहा आणि मोकळ्या व्हा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेत आणणाऱ्या-नेणाऱ्यासाठी 'मदतनीस भत्ता' असतो. आमच्याकडे पालकांना हा शब्द पाठ आहे.

शमिका_नाशिक
गुरुजी, तोच तर घोळ आहे. मदतनीस म्हटलं की लोकांना अंगणवाडीतली आठवते. इथल्या बाईंचं विशेष शिक्षणातलं बी.एड. झालंय. मदतनीस छापलं तर पालक त्यांना डबे धुवायला सांगतील.

गुरुजी_जिप
अंगणवाडीतली मदतनीस वीस पोरं घरोघरून गोळा करून आणते, ताई. तिचा शब्द घेतल्याने कुणाचं बी.एड. बाटत नाही.

फडताळ
भांडण बाजूला ठेवून एक गंमत. 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही सगळी लेखणीवाली माणसं. मग मदतनीस काय, मदत लिहून काढतो? आपण अर्थ विसरलो आणि शेपूट मात्र दिसेल त्या शब्दाला चिकटवत सुटलो.

अबोली_आई
फडताळ, हसू नका, अगदी बरोबर बसतोय. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, तिसरीत. त्याच्या ताईंचा अर्धा दिवस लिहिण्यातच जातो. फळ्यावरचं उतरवून घेणं, घंटा झाल्यावर किती वेळा कान झाकले, मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसला, डबा संपवला का. संध्याकाळी ती वही हातात पडली की मला कळतं, आज घरी पोचल्यावर लगेच प्रश्न विचारायचे की तासभर गप्प बसू द्यायचं. शाळेतून आल्यावर तो स्वतः काही सांगत नाही.

शुद्धमराठी
छायाशिक्षक. अर्थ नेमका, समास निर्दोष. चर्चेची गरजच नाही.

तिरकस
छायाशिक्षक म्हणजे फोटो काढायला शिकवणारा.

शुद्धमराठी
तुमच्यासारख्यांमुळेच मराठीत नवा शब्द रुजत नाही. 'दूरदर्शन'लाही आधी लोक हसलेच होते.

माई_सातारा
मी एक जुना शब्द सांगते. पाठराखीण. १९७१ साली माझं लग्न झालं तेव्हा धाकटी आत्या माझ्याबरोबर सासरी आली होती. पहिल्या दिवशी न्हाणीघर कुठे, सासूबाईंना चहा कसा लागतो, हे सगळं तिनं माझ्या वतीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी मला कोपरानं ढोसून विचारायला लावलं. पाचव्या दिवशी पिशवी उचलून निघून गेली. मी खूप रडले, पण तोवर विचारायला शिकले होते.

लेस्टरकर
माई, तुम्ही नकळत मोठ्या वादाचं उत्तर देऊन गेलात! इथे इंग्लंडमध्ये मी वर्गसहायक आहे, मुलं नुसतं 'मिस' म्हणतात. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचा २००९ चा एक अहवाल गाजला होता. ज्या मुलांना सहायकाची मदत जास्त, त्यांची अभ्यासातली प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी दिसली. कारण सहायक मुलाला चिकटून बसतो, मग शिक्षक त्या मुलाशी बोलतच नाहीत आणि शेजारचा मुलगाही बोलत नाही. अशा सहायकाला इथे थट्टेनं 'वेल्क्रो', म्हणजे चिकटपट्टी, म्हणतात. सावली हटत नाही, हाच त्या शब्दातला दोष. पाठराखीण जाण्यासाठीच आलेली असते.

अबोली_आई
पटतंय, पण लग्नाचा वास येतो. आणि शाळा म्हणजे सासर धरायचं का?

माई_सातारा
पहिलीत तुमच्या लेकाला काय वाटलं होतं, ते त्याला विचारून बघा.

अबोली_आई
सासरच होतं. मान्य.

कलमबहाद्दर
सगळे नामावर अडलात, क्रियापद कुणी पाहिलं नाही. 'पालकांनी करावी' हे कुठून आलं? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ वाचा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाला आवश्यक तो आधार, गरजेप्रमाणे वैयक्तिकही, द्यावा अशी अपेक्षा आहे. शॅडो टीचरचा पगार आईबापांच्या डोक्यावर टाकून शाळा वर 'समावेशित' असा फलक लावते.

तिरकस
त्याच कलमात सरकार 'प्रयत्न करील' असा शब्द आहे हो. प्रयत्नाला पगार लागत नाही.

शमिका_नाशिक
मी अनुवाद करते, धोरण शाळेचं आहे. कृपया नामावर या.

कलमबहाद्दर
'करावी'चा विध्यर्थ तुमच्याच हातचा आहे ना?

अबोली_आई
शब्दांवरून आठवलं, मला 'सवलत' सर्वात जास्त टोचतो. सवलत एसटीच्या तिकिटात मिळते. परीक्षेत दिव्यांग मुलांना तासामागे वीस मिनिटं वाढवून मिळतात ती मेहेरबानी नाही. केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट आहे की त्याला 'जादा वेळ' म्हणू नका, भरपाईचा वेळ म्हणा. तरी परीक्षेच्या हॉलमध्ये मोठ्यानं पुकारा होतो, "सवलतवाले इकडे बसा!" भाचीनं दहावीला त्या एका हाकेपायी जादा तास नाकारला. तीन तासांतच पेपर दिला.

गुरुजी_जिप
आणि लेखनिक, दिव्यांग मुलाचा पेपर त्याच्या सांगण्यावरून लिहून देणारा! बोर्डाचा शब्द चांगला आहे, पण बोलताना सगळे रायटरच म्हणतात. एका केंद्रावर पर्यवेक्षकांनी विचारलं, "लेखक कोण?" नववीतला पोरगा छाती काढून उभा राहिला, "मी." पुढचे तीन तास सगळे त्याला 'लेखकमहाशय' म्हणत होते.

फडताळ
तो खरा 'नीस'! त्याला परीक्षानीस म्हणा.

शुद्धमराठी
परीक्षा संस्कृत, नीस फारसी. हा संकर चालणार नाही.

फडताळ
मदत अरबी, नीस फारसी, तो कसा इतकी वर्षं चालला?

माई_सातारा
पाठराखिणीचं पुरुषी रूप पाठराखा. मुलासाठी पुरुष शिक्षक असेल तर अडचण नको.

शुद्धमराठी
'पाठराखा' नोंदलेला आहे का? मोल्सवर्थचा शब्दकोश बघायला हवा.

फडताळ
माझ्याकडे १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे, माळ्यावर. रविवारी शिडी मिळाली की सांगतो.

शमिका_नाशिक
पुस्तिका आज छापायला गेली. शाळेनं 'शॅडो टीचर' असंच देवनागरीत ठेवलं. मी पाठराखीण सुचवला, मुख्याध्यापिका हसल्या, "गोड आहे, पण पालक पत्रिका घेऊन येतील," म्हणाल्या. 'पालकांनी करावी'बद्दलही विचारलं. "पुढच्या वर्षी बघू." आजींना मात्र मी फोनवर समजावून सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न होता, महिन्याला किती घेतात?

कलमबहाद्दर
मग काय सांगितलंत?

तिरकस
फडताळ, पोतनीस म्हणजे कसलं पोतं लिहिणारा?

फडताळ
पोतं नव्हे, पोता म्हणजे खजिना. पण थांबा, यावर माझी एक वेगळी उपपत्ती आहे...