‘रनिंग अप दॅट हिल’: केट बुशने मूळ नाव सोडायला नको होतं

कॅसेटवेडा
ब्रिटिश गायिका केट बुशचं हे सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, ५ ऑगस्ट १९८५ ला ब्रिटनमध्ये आलं. पण तिने गाण्याचं नाव ठेवलं होतं ‘अ डील विथ गॉड’, म्हणजे देवाशी सौदा. ईएमआय कंपनीकडून तिला सांगण्यात आलं की नावात देव आला तर इटली, फ्रान्स, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथे गाणं वाजणार नाही. तिने नाव बदलून ‘रनिंग अप दॅट हिल’, म्हणजे त्या टेकडीवर धावत चढणं, असं केलं. अल्बमवर जुनं नाव कंसात तेवढं उरलं.

मला हे आजही खटकतं. बाई आणि पुरुष एकमेकांना पुरते कधी कळत नाहीत, तर देवाने दोघांची अदलाबदल करून द्यावी, हे त्या गाण्यातलं मागणं आहे. सैतानाशी सौदा करणारे गोष्टींमध्ये पुष्कळ सापडतात. तिने विचार करून देव निवडला. सगळा जीव त्या सौद्यात आहे, टेकडी नंतर येते. शिवाय ध्रुवपदात ‘गॉड’ हा शब्द जसाच्या तसा आहे. ज्याला टोचायचं त्याला गाणं ऐकताना टोचणारच होतं. मग नाव पुसून मिळवलं काय?

पहाटवारा
साफ असहमत. १९८५ चा निर्णय १९८२ विसरून तपासता येणार नाही. ‘द ड्रीमिंग’ हा अल्बम तिने स्वतः निर्माती होऊन केला. अल्बम ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, तिसऱ्या नंबरवर गेला, पण त्याच नावाचं सिंगल ४८ वर अडकलं आणि ‘देअर गोज अ टेनर’ पहिल्या पंचाहत्तरातही आलं नाही. त्यानंतर तिने घरच्या जागेत स्टुडिओ उभारला आणि ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ या पुढच्या अल्बमवर राबत बसली. इतक्या मेहनतीनंतरचं पहिलं सिंगल रेडिओने नाकारलं असतं तर? नावावर अडून बसणं म्हणजे आपणच आपला गळा कापणं, असं तिनेच मुलाखतीत सांगितलंय.

आणि ती फक्त झुकली नाही. कंपनीला आधी त्याच अल्बममधलं ‘क्लाउडबस्टिंग’ काढायचं होतं. हेच गाणं आधी, हा हट्ट तिने धरला आणि पुरा केला. नाव सोडलं, क्रम घेतला. सिंगल तिसऱ्या नंबरवर गेलं, अल्बम पहिल्या.

कॅसेटवेडा
क्रमाचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण गाणं चाललं म्हणून कंपनीची भीती खरी ठरत नाही. मूळ नावाने ते कुठेच वाजवून पाहिलं गेलं नाही.

मध्यसप्तक
तुम्ही दोघं नावाभोवती फिरताय, मी जरा चालीबद्दल बोलते. हेडफोन लावून पहिलं अर्धं मिनिट ऐका. आधी लांबून धुक्यातून यावा तसा एक सूर, मग त्याखाली केटचा बासवादक डेल पामर याने लिन ड्रम मशीनवर बसवलेला ठेका. घोडदौडच ती, कुठेही दम खात नाही. वर फेअरलाइट सिंथेसायझरची ती विव्हळणारी ओळ, आणि तळाला तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला सूर. हे सगळं पहिल्या मात्रेपासून धावतंय. शब्द कळायच्या आधी कानाला धावणं कळतं. म्हणून मला बदललेलं नाव गाण्याच्या जास्त जवळचं वाटतं. कंपनीचं कारण चुकीचं होतं, पण मिळालेलं नाव उत्तम आहे.

ओलीमाती
चालीबद्दल +१, निष्कर्षाला नाही. धावायचं कशासाठी, ते मूळ नावात आहे.

थोडं अवांतर: आपल्याकडे हे नाव कुणाला बोचलं असतं असं वाटत नाही. देवाला नवस बोलायचा आणि तो फेडायचा, हा आपला घरचा व्यवहार. जनाबाई तर विठोबाला हक्काने शिव्या घालते. पण नवसात ‘माझं काम कर, तुला नारळ देईन’ असतं. इथे बाई स्वतःसाठी काही मागतच नाही, दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचं दुखणं सोसायला तयार आहे. इतकं नितळ मागणं देवाचा अपमान कसं ठरतं, हे मला खरंच समजत नाही.

पहाटवारा
अपमान आहे असं मीही म्हणत नाही. रेडिओवाले काय म्हणतील, एवढाच प्रश्न होता.

शेवटचीओळ
पण आज हे गाणं घराघरात आहे ते १९८५ मुळे नाही. २०२२ च्या मे अखेरीस नेटफ्लिक्सवरच्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये ते आलं आणि १७ जूनला ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, ३७ वर्षांनी. त्यासाठी चार्टवाल्यांना नियमातून सूट द्यावी लागली, कारण जुन्या गाण्यांचं स्ट्रीमिंग एरवी निम्मंच धरतात. हे यश मालिकेचं. नाव काहीही असतं तरी हेच झालं असतं.

मध्यसप्तक
मालिकेत जुनी गाणी शेकड्यांनी वाजतात, सगळी पहिल्या नंबरवर जात नाहीत. आणि सूट कसली? त्या आठवड्यांत लोक ते नव्या गाण्यांइतकंच ऐकत होते, ते पूर्ण मोजलं गेलं.

कॅसेटवेडा
२०२२ मधलीच एक गोष्ट सांगतो. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. तिने फोनवर हे गाणं लावलं, तर पडद्यावर पुढे कंसात तेच जुनं नाव. तिने विचारलं, “बाबा, डील कसली?” १९८५ चं सिंगल घेणाऱ्याला वेष्टणावर ते नाव दिसतच नव्हतं, म्हणजे हा प्रश्न पडायची सोयच नव्हती. मी काही न बोलता गाणं मागे घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.