ॲरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’वरची ग्रीक भाष्यं भाषांतरातून वाचायची आहेत, सुरुवात कुठून करू?

मध्यमा
नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ग्रीक येत नाही, तत्त्वज्ञानाचं रीतसर शिक्षण नाही. ॲरिस्टॉटलचं ‘फिजिक्स’ वॉटरफील्ड यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचलंय. चौथ्या भागात, म्हणजे स्थान, पोकळी आणि काळ यांच्या चर्चेत, चांगलीच दमछाक झाली. मग एका तळटीपेत कळलं की सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने यावरच भाष्य लिहिलं आणि वजनं वरून सोडून बघायची गोष्ट त्यात आहे. गॅलिलिओच्या हजारेक वर्षं आधी! तो उतारा मुळातून (म्हणजे इंग्रजीतून) वाचायचाय. पण रिचर्ड सोराबजींनी सुरू केलेल्या भाषांतरमालेत शंभराहून जास्त खंड निघाले आणि किमती बघून डोळे पांढरे झाले. सध्या एकच घेता येईल. कुठला घेऊ? आणि ही भाष्यं आपल्याकडच्यासारखीच असतात का, वर सूत्र, खाली टीका?

तळटीप
एकच घ्यायचा तर फर्ली आणि वाइल्डबर्ग यांचा १९९१चा खंड. दुसरा विचारच करू नका.

कारण सांगतो. फिलोपोनस चौथ्या भागावर भाष्य लिहिता लिहिता दोनदा मध्येच थांबतो, ॲरिस्टॉटलचं वाक्य बाजूला ठेवतो आणि ‘आता माझं ऐका’ म्हणून सुटतो. एकदा स्थानावर, एकदा पोकळीवर. ही दोन्ही विषयांतरं फर्ली यांनी भाषांतरित केली आहेत. त्याच खंडाच्या उरलेल्या भागात सिम्प्लिकियसने (फिलोपोनसच्याच काळातला दुसरा टीकाकार) फिलोपोनसची घेतलेली झाडाझडती आहे, विश्व अनादि-अनंत आहे की नाही यावरून. म्हणजे एका पुस्तकात वादी-प्रतिवादी दोन्ही.

तुमचा उतारा पोकळीवरच्या विषयांतरात आहे. समासात आकडे छापलेले असतात, ते बर्लिनच्या ग्रीक आवृत्तीचे पानक्रमांक. ६८३ शोधा. अभ्यासक हा उतारा सांगताना तोच आकडा देतात, त्यामुळे कुठल्याही लेखातला संदर्भ तुम्हाला ग्रीक न येता लावता येतो. जड वस्तू वजनाच्या प्रमाणात लवकर पडते, या ॲरिस्टॉटलच्या हिशोबाला फिलोपोनस तिथे साफ खोटं म्हणतो. युक्तिवाद राहू द्या, डोळ्यांनी बघा : एक वजन दुसऱ्याच्या कित्येक पट घ्या, एकाच उंचीवरून सोडा, वेळेतला फरक अगदी किरकोळ निघेल.

मात्र वर्गात लगेच ‘गॅलिलिओच्या आधीचा गॅलिलिओ’ म्हणून टाळ्या घेऊ नका :) पोकळीतसुद्धा जड वस्तू जास्त वेगानेच पडेल, असं फिलोपोनसचं मत आहे. हवा-पाणी फक्त त्या मूळ वेळेत भर घालतं, एवढंच तो म्हणतो. ॲरिस्टॉटलला मात्र पोकळीच अशक्य वाटते, कारण माध्यमाचा अडथळा शून्य झाला की वेगाला मर्यादाच उरत नाही. ते गणित फिलोपोनस मोडून काढतो, आणि माझ्या मते खरी मोठी उडी ती आहे, वजनांची नाही. तरुण गॅलिलिओच्या लिखाणात त्याचं नाव येतं ते उगीच नाही.

रचनेचं तुम्ही म्हणता तसंच आहे. आधी ॲरिस्टॉटलच्या वाक्याचा तुकडा, खाली टीका, मध्ये जुन्या टीकाकारांची मतं घेऊन खंडन. थेमिस्टियस हा आणखी एक टीकाकार मात्र असं करत नाही, तो सगळं स्वतःच्या शब्दांत सोपं करून सांगतो. चौथ्या भागात दमछाक झाली म्हणता, तर त्याचा त्या भागावरचा खंड (टॉड, २००३) वाचनालयात मिळाला तर जरूर चाळा.

फुकटचंबाबुराव
पैसे टाकण्याआधी स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञानकोशातली नोंद वाचा, आंजावर मोफत आहे. फिलोपोनसवरची नोंद वाइल्डबर्ग यांनीच लिहिली आहे. ग्रीक मूळ तर डील्स आणि व्हिटेली यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्यांमध्ये स्कॅन होऊन पडलंय. तुम्हाला उपयोग नाही म्हणा, पण पानाचा थाट बघायला मजा येते.

अरभाट
माझं मत थोडं वेगळं. सोराबजींनीच निवडक उताऱ्यांचे तीन खंड काढलेत, इ.स. २०० ते ६०० मधल्या टीकाकारांचे. दुसरा खंड भौतिकीचा. स्थान, काळ, पोकळी, गती असा विषयवार लावलेला आणि प्रत्येक ठिकाणी फिलोपोनस, सिम्प्लिकियस, अलेक्झांडर (टीकाकार, सम्राट नव्हे) शेजारी शेजारी. शिकवणाऱ्या माणसाला हा जास्त कामाचा. अख्खं भाष्य वाचायला बसलात तर तीन पानांत झोप.

जाता जाता : सोराबजी हे कॉर्नेलिया सोराबजींचे पुतणे. त्याच कॉर्नेलिया, नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि पुढे वकील झालेल्या. त्यांचं चरित्रही या पुतण्यानेच लिहिलंय.

तळटीप
@अरभाट, संदर्भाला उत्तम, पण पहिलं पुस्तक म्हणून नको. उताऱ्यात निष्कर्ष मिळतो, भांडण मिळत नाही. आणि या लोकांची खरी चव भांडणात आहे. सिम्प्लिकियस फिलोपोनसला नावाने न संबोधता नुसता ‘व्याकरणवाला’ म्हणतो आणि त्याच्या लिखाणाची तुलना ग्रीक पुराणकथेतल्या ऑजियस राजाच्या तबेल्यातल्या शेणाशी करतो. वर असंही सांगतो की या माणसाशी माझं काही वैयक्तिक वैर नाही, भेटल्याचं आठवतही नाही! दोघेही अलेक्झांड्रियात अमोनियसचेच शिष्य, बरं का.

संध्याछाया
थोडं विषयांतर, पण मध्यमाताई फिजिक्सवाल्या आहेत म्हणून. हातातून सुटलेला बाण पुढे का जातो, याचं ॲरिस्टॉटलचं उत्तर : हवा ढकलते. फिलोपोनसला ते हास्यास्पद वाटतं. तो म्हणतो, मग दोरी कशाला हवी? बाण एका काठीवर ठेवा, मागून दहा हजार यंत्रांनी हवा मारा, हातभरसुद्धा हलणार नाही. त्याच्या मते फेकणारा फेकलेल्या वस्तूतच प्रेरक शक्ती घालतो.

आपल्याकडे वैशेषिकांत प्रशस्तपादाने याच बाणाची चर्चा केली आहे. दोरीच्या नोदनाने (ढकलण्याने) पहिलं कर्म, म्हणजे हालचाल, त्यातून बाणात ‘वेग’ नावाचा संस्कार, आणि त्या संस्काराने पुढची कर्मं, बाण पडेपर्यंत. देवाणघेवाण झाली असं मी मुळीच म्हणत नाहीये; कृपया कुणी धागा तिकडे नेऊ नये.

खवचट खान
नेलाच समजा. आता ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ची पहिली विकेट कोण काढतंय बघू. *पॉपकॉर्न घेऊन बसलेला*

तळटीप
संध्याछाया, छान आठवण केलीत. फक्त एक सूचना : बाणाचा उतारा (६४१च्या आसपास) फर्लींच्या खंडात नाही. तो विषयांतरात येत नाही, मूळ भाष्यातच आहे. त्यासाठी पामेला ह्यूबी यांचा २०१२चा खंड, ४.६ ते ९ (चौथ्या भागाची प्रकरणं ६ ते ९). त्याला लागूनच ४.१० ते १४चा सारा ब्रॉडी यांचा. त्यात काळाची चर्चा करताना फिलोपोनस सहज ‘आज’ची तारीख उदाहरण म्हणून देतो, आपल्या हिशोबाने मे ५१७. या भाष्याचा काळ त्या एका वाक्यावरून पक्का झाला.

मध्यमा
सगळ्यांचे मनापासून आभार. फर्ली-वाइल्डबर्गची पेपरबॅक मागवतेय, अरभाट यांचा निवडक खंड कॉलेजच्या ग्रंथपालांकडे सुचवते. दहा हजार यंत्रांचा प्रयोग बारावीला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. आता एक शेवटचं : सिम्प्लिकियस एवढा चिडका आणि लांबण लावणारा, तर लोक त्याला वाचतात कशासाठी?

तळटीप
लांबण म्हणाल तर ‘फिजिक्स’वरचं त्याचं भाष्य डील्स यांच्या आवृत्तीत १३६६ पानांपर्यंत जातं. पण ते नसतं तर सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांचं बरंचसं हाती लागलंच नसतं. ॲनॅक्झिमँडरचं जे एकमेव वाक्य उरलंय, ते यातच. ५२९मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळात अथेन्सच्या तत्त्वज्ञानाच्या शाळेवर गदा आली. सिम्प्लिकियससह सात जण इराणच्या खुस्रोच्या दरबारी गेले आणि ५३२च्या तहात या मंडळींना निर्धास्त परत येऊ द्यावं असं कलम घातलं गेलं. भाष्य त्यानंतरचं, तो नेमका कुठे बसून लिहीत होता यावर अजून वाद आहेत. पार्मेनिडीसचा (तोही सॉक्रेटिसपूर्वच) ग्रंथ दुर्मिळ झालाय म्हणून मी उतरवून ठेवतो, असं तो स्वतः सांगतो आणि सलग ५२ ओळी देतो. तेवढंच वाचायचं असेल तर ह्यूबी आणि टेलर यांचा २०११चा खंड, ‘फिजिक्स’ १.३ ते ४. समासात १४४ बघा आणि तिथून पुढची दोन-तीन पानं.