मदत हवी आहे: सणाच्या पाककृती ब्लॉगवर नेमक्या कधी टाकाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहते, शाळेत शिकवते आणि २०२२ पासून पाककृतींचा एक छोटा ब्लॉग लिहिते. ७०-७५ पोस्टी झाल्या असतील. उत्पन्न वगैरे काही नाही, हौस आहे. पण फोटो काढून, मापं दोनदा तपासून लिहिलेलं कुणी वाचलं नाही की जीव थोडा खट्टू होतोच.

आजवर पोस्ट टाकायची वेळ माझ्या सोयीची होती. म्हणजे ओटा आवरून, वह्या तपासून झाल्या की रात्री साडेअकराला 'पब्लिश'. मग भाच्याने सांगितलं, सकाळी सहाला टाक, लोक चहा पिताना वाचतात. म्हणून मी सहाची वेळ लावून झोपले. सकाळी बघते तर काहीच नाही. पोस्ट उगवली साडेअकराला, तेव्हा मी वर्गात. असं तीनदा झालं. बरं, सहाला आली असती तरी व्हॉट्सॲपवरचा दुवा सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडला गेला असता, ते वेगळंच.

पण माझं खरं दुखणं सणांचं आहे. मागच्या वर्षी २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. मी उकडीचे मोदक टाकले २६ला रात्री दहाला. खाली पहिलाच प्रतिसाद: "ताई, आता आंबेमोहोराची पिठी कुठून आणू?" बाई बरोबरच बोलत होती. २०२३च्या अधिक श्रावणात तर अनारशांची कृती टाकली तेव्हा महिना संपायला चार दिवस उरले होते. नुसते तांदूळच तीन दिवस भिजतात!

यंदा, म्हणजे २०२६ला, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाच्या वाणाला ३३ अनारसे करणारी घरं अजून पुष्कळ आहेत, निदान आमच्याकडे तरी. या वेळी चुकायचं नाहीये. तर,

पोस्टीला सगळ्यात चांगली वेळ कुठली? सकाळ, दुपार, रात्र? वार कुठला? सणाच्या किती दिवस आधी? माझे निम्मे वाचक पुण्या-मुंबईचे, बाकीचे बरेचसे अमेरिकेत, थोडे लंडनला. सगळ्यांना जमेल असा एखादा मुहूर्त असतो का? ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे ब्लॉगच्या वाचकांच्या आकडेवारीत, तासांचा आलेख पाहिला, त्यात रात्री अकरा ते बाराला सगळ्यात जास्त माणसं दिसतात. म्हणजे माझी जुनीच वेळ बरोबर होती का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १ (गिरणवाला)

आधी सहाचं कोडं सोडवू. ब्लॉग वर्डप्रेसवर चालतो ना? सेटिंग्जमध्ये 'जनरल'ला जा, टाइमझोन बघा. तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असणार. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तुमचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. यादीतून कोलकाता निवडा, झालं काम. अजून एक: वर्डप्रेस वेळ झाली म्हणून आपणहून जागं होत नाही. ब्लॉगवर कुणी आलं की मगच ते राहिलेली कामं तपासतं. वर्दळ कमी असेल तर सहाची पोस्ट सव्वासहाला येऊ शकते. त्याचं टेन्शन घेऊ नका.

आता आलेख. तुम्ही अकराला पोस्ट टाकता, दुवा पाठवता, म्हणून अकराला माणसं येतात. तो आलेख तुमचीच सवय तुम्हाला परत दाखवतोय. त्यापेक्षा वर्षभरापूर्वीच्या पोस्टी निवडा आणि त्यांवर फक्त गूगलवरून शोधत आलेले लोक बघा. त्यांना तुम्ही कधी बोलावलं नव्हतं, त्यामुळे ते स्वतःच्या गरजेच्या वेळी आलेत. ती वेळ खरी.

प्रतिसाद २ (जर्सीकर)

ताई, न्यू जर्सीहून लिहिते. आमचा वाण्याकडचा फेरा शनिवारी असतो. पिठी, गूळ, खसखस, फ्रोझन नारळ, जे काय ते एकदाच. तुम्ही रविवारी सकाळी सहाला पोस्ट टाकलीत तर इथे शनिवार रात्रीचे साडेआठ होतात, पिशव्या रिकाम्या करून झालेल्या असतात! मग ती कृती पुढच्या शनिवारपर्यंत फोनमध्ये पडून राहते आणि तोवर सण होऊन जातो.

माझ्या मते शुक्रवारी सकाळी सातला टाका. इथे गुरुवार रात्रीचे साडेनऊ असतात, मुलं झोपलेली, हातात फोन. तुमच्याकडच्यांनाही शनिवार-रविवारच्या खरेदीआधी मिळेल. फक्त नोव्हेंबरात आमची घड्याळं तासभर मागे जातात. यंदा ती १ तारखेला जाणार आणि लक्ष्मीपूजन ८ला, म्हणजे ऐन फराळाच्या आठवड्यात साडेनऊ तासांचा फरक साडेदहावर जाईल. तुमच्या सातला इथे साडेआठ. मुलं जागी असतात, पण चालेल.

प्रतिसाद ३ (पातेलंभर)

तास-मिनिटांचा काथ्याकूट बाजूला ठेवा. कृती उलटी मोजा. अनारसे: तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी सावलीत निथळून दमट असतानाच दळायचे, मग गूळ घालून पीठ चार-पाच दिवस मुरणार. झाले आठ-नऊ दिवस. वर सामान आणायला एक शनिवार. वाण कुणाला अधिकाच्या पहिल्याच आठवड्यात द्यायचं असेल, तर तुमची पोस्ट १ मेच्या आसपास हवी. तोही शुक्रवारच आहे, बघा.

चकलीच्या भाजणीचंही तसंच. दिवाळीच्या आठवड्यात गिरणीपुढे डब्यांची रांग लागते, त्याआधी लोकांची भाजणी भाजून झाली पाहिजे. उलट साटोऱ्या, शिरा असलं काही आदल्या संध्याकाळी टाकलंत तरी कुणाचं अडत नाही. रवा-साखर घरात असतेच.

आणि कृपा करून मागच्या वर्षीची तारीख बघून या वर्षीची ठरवू नका. चतुर्थी २०२४ला ७ सप्टेंबर, २०२५ला २७ ऑगस्ट, यंदा अधिकामुळे थेट १४ सप्टेंबर. पंचांग समोर ठेवून वर्षाची यादी करा. जाता जाता, दरवर्षी मोदकांची नवी पोस्ट कशाला? जुनीच सुधारा, गूगलवर तिची ओळख झालेली असते. सणाच्या महिनाभर आधी तिच्यात नवे फोटो घाला, मापं दुरुस्त करा, पोस्टीचा दुवा तोच ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. @गिरणवाला, यूटीसीच निघालं! स्वतःवरच हसले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुन्या पोस्टी पाहिल्या. भाजी-आमटीच्या कृतींवर शोधत येणारे दुपारी चार ते सातमध्ये दिसतात, म्हणजे रात्रीच्या जेवणाला काय करू हा प्रश्न पडतो तेव्हा. अकराला जवळजवळ कुणीच नाही.

@जर्सीकर, शनिवारचा फेरा माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. नणंद तिकडेच राहते, तरी. @पातेलंभर, अनारसे १ मेला सकाळी सातला लावलेत. पण त्यात 'किती दिवस आधी सुरुवात करावी' हे मी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ते उचलून सगळ्यात वर आणलं. मोदकांच्या जुन्या पोस्टीतही पिठीची सोय पहिल्या ओळीत टाकते.

एकच राहिलं. ज्याला ना सण ना वार, अशी शेपूची भाजी कधी टाकू?

प्रतिसाद ५ (पातेलंभर)

शेपू कधीही टाका. खाणारे तेवढेच.