एचपीएमध्ये सीपीयू टार्गेट 80 ठेवणं बंद करा

नोडनाथ (धागाकर्ता)

कुबरनेटीसवर (ॲपच्या प्रती अनेक मशीनवर चालवणारी प्रणाली) एचपीए, म्हणजे लोडप्रमाणे पॉड (ॲपच्या चालू प्रती) आपोआप कमी-जास्त करणारा भाग, लावायचा म्हटलं की जिथे तिथे एकच यामल (सेटिंगची फाइल) चिकटवलेलं दिसतं: मिन 2 पॉड, मॅक्स 10, सीपीयू टार्गेट 80 टक्के. वेब ट्रॅफिकसाठी हा 80 चा आकडा चुकीचा आहे, 50 ते 60 ठेवा असं माझं मत. गणित मांडतो.

एचपीए दर 15 सेकंदांनी हिशोब करतो: आत्ताचा सरासरी वापर भागिले टार्गेट, गुणिले चालू पॉड, उत्तर अपूर्णांकात आलं तर पुढचा पूर्णांक. वापराची टक्केवारी निघते ती सीपीयू रिक्वेस्टवर (पॉडसाठी राखून ठेवलेला सीपीयू), लिमिटवर (ओलांडता न येणारी मर्यादा) नाही. बऱ्याच ठिकाणी हे दोन्ही सारखेच असतात, समजा 500 मिलिकोअर (अर्धा कोअर). मग ट्रॅफिक कितीही वाढला तरी वापर 100 च्या वर दिसत नाही, कारण लिमिट तिथेच गळा धरतं. म्हणजे 80 च्या टार्गेटला एका फेरीत जास्तीत जास्त सव्वापट वाढ. 8 पॉडचे 10, मग 13, 17, 22, 28, 35. तुम्हाला 32 लागणार असतील तर सहा फेऱ्या झाल्या. जावाचं जडसं ॲप रेडी व्हायला मिनिटभर घेत असेल तर सहा-सात मिनिटं गेली, तोवर लोक पान रिफ्रेश करून लोड आणखी वाढवतात. टार्गेट 50 असेल तर 8 चे 16, 16 चे 32. दोन फेऱ्यांत काम.

काही महाभाग तर 95 ठेवतात. 100 भागिले 95 म्हणजे 1.05. एचपीएचा टॉलरन्स (दुर्लक्ष करण्याजोगा फरक) मुळात 0.1 असतो, तेवढ्या फरकाकडे तो बघतच नाही. असा एचपीए जन्मात वर जाणार नाही. पॉड घुसमटलेले आणि रेप्लिकांचा, म्हणजे पॉडचा, आकडा जिथल्या तिथे.

काटकसर

साफ असहमत. गणित बरोबर आहे, पण औषध भलत्याच रोगावर. 16 पॉड पूर्ण भरतील एवढा लोड धरा. 80 च्या टार्गेटला 20 पॉड लागतात, 50 ला 32. दिवसभर, रात्रभर, 60 टक्के जादा पॉड. हे बिल कोण भरणार?

रोग आहे लिमिट आणि रिक्वेस्ट सारखे ठेवण्यात. मेमरीचं लिमिट ठेवा, सीपीयूचं काढून टाका. मग वापर 200 टक्केही दिसू शकतो, भागाकार अडीच येतो. डिफॉल्ट स्केल-अप धोरण 15 सेकंदांत दुप्पट किंवा 4 पॉड, यातलं जे जास्त ते करू देतं. म्हणजे 80 वरही 8 चे 16 एका फेरीत होतील.

शिवाय लिमिटमुळे थ्रॉटलिंग (कोटा संपला की सीपीयू रोखून धरणं) होतं ते वेगळंच. कोटा 100 मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजतात. 500 मिलिकोअर म्हणजे खिडकीत 50 मिलिसेकंद. चार थ्रेड चार कोअरवर एकदम सुटले तर साडेबारा मिलिसेकंदांत कोटा संपतो आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी सगळे हातावर हात ठेवून. सरासरी आलेखात हे दिसतही नाही.

नोडनाथ

थ्रॉटलिंगचं मान्य. पण 200 टक्के वापर दिसायला नोडवर (पॉड ज्या मशीनवर चालतात ती) मोकळा सीपीयू असावा लागतो. तुम्हीच बिल वाचवायला नोड ठासून भरणार. सगळ्या शेजाऱ्यांवर एकाच वेळी लोड आला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रिक्वेस्टच्या प्रमाणात वाटणी करतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला रिक्वेस्टएवढंच किंवा जरा जास्त येतं. परत तोच 100 चा छत. कॅम्पेनच्या संध्याकाळी सगळ्या सर्व्हिस एकदमच चढतात, एकेक नाही.

दुसरं, "एका फेरीत 16" हे कागदावर. त्यातले 8 पॉड अजून रेडी नसतात, आणि स्केल-अप करताना एचपीए त्यांचा वापर शून्य धरतो. ते रेडी होईपर्यंत पुढची उडी अडते.

रांगवाला

तुम्ही दोघं आकड्यावरून भांडताय, मेट्रिकच (ज्या मापावर स्केल होतं ते) चुकीचं असेल तर 50 काय आणि 80 काय!

सीपीयू मेट्रिक प्रतिमा लहान करणं, एन्क्रिप्शन, असल्या कामांना ठीक. ऑर्डर किंवा पेमेंटची सर्व्हिस बहुतेक वेळ दुसऱ्या एपीआयच्या उत्तराची वाट बघत बसलेली असते. थ्रेड पूल भरलेला, ग्राहक ताटकळलेला, आणि सीपीयू 25 टक्के. अशा वेळी एचपीए चक्क पॉड कमी करायला निघतो.

तिथे प्रत्येक पॉडमागे चालू असलेल्या कॉलची संख्या घ्या. सेकंदाला 400 कॉल आणि प्रत्येकाला पाव सेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी 100 कॉल पोटात. लोड टेस्टमध्ये एक पॉड 20 कॉल सुखाने झेलतो असं दिसलं तर 5 पॉड, टार्गेट 20 ऐवजी 14 ठेवलं तर 8. वर्कर (रांगेतले मेसेज उपसणारे पॉड) असतील तर केडा (रांग, वेळ अशा गोष्टींवर स्केल करणारं साधन) लावून रांगेच्या लांबीवर चालवा: एका मेसेजला 0.2 सेकंद, म्हणजे पॉड सेकंदाला 5 उपसतो. 6000 ची तुंबलेली रांग दोन मिनिटांत संपवायची तर 10 पॉड. काफ्का (मेसेजच्या रांगा सांभाळणारी प्रणाली) असेल तर पार्टिशनपेक्षा (रांगेचे भाग) जास्त कन्झ्युमर नुसते बसून राहतात. 12 पार्टिशन असतील तर मॅक्स 12, पुढे पैसे पाण्यात.

रिस्पॉन्स टाइमवर मात्र कुणी स्केल करू नका. डेटाबेस मंदावला की वेळ वाढतो, पॉड वाढतात, ते डेटाबेसवरच तुटून पडतात, वेळ आणखी वाढतो. मॅक्सला टेकल्याशिवाय हे थांबत नाही.

काटकसर

कस्टम मेट्रिक म्हणजे प्रोमिथियस (मेट्रिक गोळा करणारं साधन), ॲडॉप्टर (ती एचपीएला पुरवणारा दुवा), आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. ॲडॉप्टर पडला की स्केलिंग आंधळं. तीन जणांच्या टीमला हे झेपत नाही.

रांगवाला

म्हणून सीपीयू पण सोबत ठेवा. एचपीएला अनेक मेट्रिक देता येतात, तो प्रत्येकाचं उत्तर काढून सगळ्यात मोठं घेतो. एक मेट्रिक बंद पडलं तर दुसऱ्याच्या सांगण्यावरून तो वर जातो, पण खाली येत नाही. आंधळा झालाच तर महाग बाजूला आंधळा होतो, बंद पडण्याच्या बाजूला नाही.

कनेक्शनमोज्या

मॅक्स 10 कुठून आला हे कुणीच विचारलं नाही. पोस्टग्रेस (डेटाबेस) मूळ सेटिंगवर 100 कनेक्शन देतो, त्यातली 3 सुपरयुजरसाठी राखीव. उरली 97. हिकारीचा (जावा ॲपची डेटाबेस कनेक्शन सांभाळणारी लायब्ररी) पूल डिफॉल्ट 10 चा, दर पॉडला. नऊ पॉडपर्यंत 90. दहाव्याला 10 हवीत, शिल्लक 7. तो अर्धवट उठतो आणि लॉगमध्ये जादा क्लायंटची एरर सुरू.

आणि रोलिंग अपडेट (जुने पॉड टप्प्याटप्प्याने नव्यांनी बदलणं) विसरू नका. मॅक्ससर्ज (त्या वेळी किती जादा पॉड चालतील ती मर्यादा) डिफॉल्ट 25 टक्के आणि अपूर्णांक वर जातो. 8 पॉड चालू असताना डिप्लॉय केलात तर 2 जादा, म्हणजे तेच 10. या सेटिंगवर खरा मॅक्स 7 आहे! त्याच्या वर जायचं तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसवा किंवा पूल 4-5 वर आणा. नुसतं मॅक्स 50 लिहून डेटाबेस मोठा होत नाही.

बरोबर एक वाजता

वरचं सगळं हळूहळू चढणाऱ्या लोडचं झालं. दहावी-बारावीचा निकाल घ्या. वेळ आधी जाहीर, अलीकडे बहुधा दुपारी 1. एक वाजेपर्यंत शांतता, आणि एकच्या ठोक्याला सगळं राज्य बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाईप करतंय. इथे कुठलंच मेट्रिक कामाचं नाही, मोजणी होईस्तोवर साइट झोपलेली.

साडेबारालाच मिन वाढवा. केडाच्या क्रॉन स्केलरला (ठरल्या वेळी पॉड वाढवणारा) टाइमझोन द्यावाच लागतो, तिथे आशिया/कोलकाता लिहा. साधा क्रॉनजॉब (ठरल्या वेळी चालणारं काम) बहुतेक क्लस्टरवर यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) धावतो, म्हणजे साडेबारासाठी सकाळी 7 लिहायचे. नोडही आधीच वाढले पाहिजेत, जागेअभावी पॉड पेंडिंग झाल्यावर नवी मशीन येऊन इमेज (ॲपचं पॅकेज) उतरेपर्यंत मिनिटं जातात. खाली येताना घाई नको. पॉड कमी करण्याआधी थांबायची डिफॉल्ट खिडकी 300 सेकंदांची आहे, ती संपली की तो सगळे जादा पॉड एका झटक्यात काढू शकतो. 900 करा आणि मिनिटाला 10 टक्क्यांची मर्यादा घाला.

काटकसर

निकालाला एचपीए कशाला? निकाल एकदा लागला की बदलत नाही. गुणपत्रिका आधीच तयार करून सीडीएनवर (तयार फाइल ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) ठेवा, मूळ सर्व्हरला कुणी हातही लावणार नाही.

बरोबर एक वाजता

आईच्या नावाची पडताळणी कुठेतरी करावीच लागते, नाहीतर कुणीही क्रमांक एकेक वाढवत सगळ्या शाळेचे गुण वाचेल. ती पडताळणी हाच तो लोड. पान, चित्रं, स्टाइलशीट सीडीएनवर, याला माझी हरकत नाही.

नोडनाथ

क्रॉनचं पटलं. त्यात एक भर: डिप्लॉयमेंटच्या (पॉड कसे चालवायचे ते सांगणाऱ्या) यामलमधली रेप्लिकांची ओळ काढून टाका. ती 2 राहिली आणि कुणी 1 वाजून 5 मिनिटांनी छोटासा फिक्स अप्लाय केला, तर 40 पॉडचे थेट 2 होतात, स्केल-डाऊनची कुठलीही खिडकी तिथे वाचवत नाही. मात्र चालू क्लस्टरवर नुसती ओळ उडवून अप्लाय केलंत तर आकडा 1 वर येऊ शकतो. आधी एडिट-लास्ट-अप्लाइड ही कमांड वापरून जुन्या नोंदीतून ती काढा, मग फाइलमधून. आणि साइडकारला (त्याच पॉडमध्ये मुख्य ॲपशेजारी चालणारा कंटेनर) सीपीयू रिक्वेस्ट दिली आहे ना ते बघा. एका कंटेनरची जरी राहिली तरी एचपीएच्या टार्गेटमध्ये अननोन दिसतं आणि 50 की 80 हा वाद तिथेच संपतो.