'लोडेबल ड्रायव्हर'ला मराठीत काय म्हणावं?

मुळाक्षर: डिप्लोमाच्या मुलांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावरच्या प्रयोगांची मराठी वही लिहितेय. 'लोडेबल कर्नल ड्रायव्हर'पाशी अडले, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) हवा तेव्हा घालता येणारा, एखादं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम. मसुद्यात 'भारणयोग्य गाभा-चालक' लिहिलं होतं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मंत्र घालून भारायचा का?" सुचवा काहीतरी.

खटपट्या: मुलाचं चुकलं नाही. आम्ही बोर्डावर काम करणारे 'मॉड्यूल टाकला', 'इन्समॉड मार', 'काढून परत टाक' असंच बोलतो. मॉड्यूल म्हणजे असा सुटा तुकडा, आणि इन्समॉड ही तो कर्नलमध्ये घालायची आज्ञा. शब्द शोधण्याआधी त्याच्या विरुद्ध काय आहे ते बघा. कर्नल बांधताना (कंपाइल करताना) बहुतेक ड्रायव्हरांपुढे तीन पर्याय असतात. 'वाय' म्हणजे कर्नलच्या मुख्य फाइलीतच, 'एन' म्हणजे नकोच, 'एम' म्हणजे वेगळी '.केओ' फाइल. ती चालू यंत्रात घालता येते, वापरात नसेल तर काढताही येते. लिनक्समध्ये ही सोय १९९५ पासून आहे.

टाकसाळ: मग सरळ 'बांधीव' आणि 'सुटा' म्हणा की. बांधीव विहीर, बांधीव ओटा आपण म्हणतोच, आणि सुटे भाग तर गॅरेजच्या पाटीवरही असतात. इंग्रजी शब्दात 'एबल' दिसला की 'योग्य', 'क्षम' चिकटवायची आपली जुनी खोड!

खटपट्या: 'बांधीव' झकास. पण सुटा म्हणजे कुठेही बसणारा, असं मुलांना वाटू देऊ नका. गाडीच्या सुट्या भागासारखाच हाही ठरल्या मॉडेललाच बसतो. एका आवृत्तीसाठी बांधलेली '.केओ' दुसऱ्या आवृत्तीत घालायला गेलात, तर सहसा 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' ऐकून परत यावं लागतं. माझी अख्खी रात्र त्यात गेली आहे. बोर्डावरचा कर्नल आदल्या आठवड्यात अपडेट झाला होता आणि मी जुन्याच आवृत्तीच्या हेडरांवर (बांधताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींवर) बांधत बसलो होतो.

शिवाय सगळंच सुटं ठेवून भागत नाही. सगळ्या फाइली एसडी कार्डावर, आणि कार्ड वाचणारा ड्रायव्हरही त्याच कार्डावर सुटा, म्हणजे किल्ली आत ठेवून कपाट बंद! तो बांधीवच हवा, नाहीतर कर्नलबरोबरच मेमरीत चढणाऱ्या इनिट-रॅमएफएस या छोट्या फाइलसंचात तरी हवा.

मुळाक्षर: कपाटाचं उदाहरण वहीत घेते, चालेल ना? आणि एवढ्याशा यंत्रात सुटं ठेवून मिळतं काय?

खटपट्या: खुशाल घ्या. मिळते ती जागा. राउटरच्या फ्लॅशमध्ये (साठवणीच्या चिपमध्ये) कधीकधी ८ एमबीच असतात. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये यूएसबीसारख्या गोष्टींचे ड्रायव्हर 'केमॉड'ने सुरू होणाऱ्या वेगळ्या पॅकेजांत मिळतात. लागेल त्याने घ्यावं.

आडवाट: माझी हरकत 'चालक'ला आहे. एसटीतला चालक गाडी कुठे न्यायची ते जाणतो. ड्रायव्हर तसं काही ठरवत नाही, तो फक्त त्या एका उपकरणाच्या खाणाखुणा ओळखतो. म्हणजे खरं तर माहूत!

टाकसाळ: माहूत लाखात एक, पण वायफायच्या डोंगलवर बसवायला जीव होत नाही. ड्रायव्हर 'ड्रायव्हर'च राहू द्या.

मुळाक्षर: ठरलं, 'सुटा ड्रायव्हर' आणि 'बांधीव ड्रायव्हर'. 'गाभा'ही काढून 'कर्नल' करतेय. आता तोच मुलगा विचारणार, "मॅडम, फौजेतला का?"