पोलिश उच्चार ॲपवर शिकताय? ऐका खुशाल, पण स्वतःचा उच्चार त्यावर तपासू नका

मीरा_व्रॉत्स्वाफ:
इथे पोलंडमध्ये येऊन दीड वर्ष झालं, त्यातले पहिले आठ महिने मी उच्चार निव्वळ फोनवर शिकले, म्हणजे भाषांतराच्या ॲपमध्ये वाक्य टाकायचं, स्पीकर दाबायचा, ऐकायचं, मग माइकवर तेच म्हणायचं आणि स्क्रीनवर बरोबर उमटलं की पुढचं वाक्य. सगळं बरोबर उमटायचं हो! मग एक दिवस खालच्या बेकरीत पाव मागताना काउंटरवरच्या काकूंनी मला थांबवलं आणि ओठ पुढे काढून अगदी हळू म्हणाल्या, "प्रॉषे". मी इतके दिवस "प्रॉशे" म्हणत होते. प्रॉषे म्हणजे प्लीज, आणि प्रॉशे म्हणजे डुकराचं पिल्लू. घरी येऊन मुद्दाम माइकवर चुकीचं म्हणून बघितलं, तरी स्क्रीनवर प्लीजच आलं, कारण पावाच्या शेजारी पिल्लू कोण कशाला म्हणेल, ते आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. आपल्याला वाटतं जमलं आणि चूक जिभेवर घट्ट बसते. म्हणून माझं स्पष्ट मत, ऐकायला वापरा, तपासायला अजिबात नको.

रातपाळी_पॉझ्नान:
असहमत. मी गोदामात रात्रपाळी करतो, सोबतची पोरं नेपाळी नाहीतर युक्रेनची, पोलिश माणूस एकटा सुपरवायझर आणि तो 'चला, पटपट' याच्यापुढे बोलत नाही. मला कुठली बेकरीतली काकू भेटणार? वूच (Łódź) शहराचं तिकीट काढायचं होतं, अक्षरं बघून मी लॉड्झ म्हणत होतो. पहिल्या एलला छेदणारी तिरकी रेघ म्हणजे व, ओवर तिरकी रेघ म्हणजे उ, आणि शेवटचा ज कडक होऊन चहातला च, हे कोणाला बघून कळणारे? स्टेशनच्या बाकावर बसून तीसेक वेळा ऐकलं, स्पीकर दुसऱ्यांदा दाबला की हळू म्हणतं, आणि खिडकीतल्या बाईंनी एका फटक्यात तिकीट दिलं. आणि माइकचं म्हणाल तर माणसासमोर माझं तोंडच उघडत नव्हतं, ते माइकसमोर उघडलं. हे कमी आहे का?

सांगलीकर_भाषावेडा:
मला दोघांचंही अर्धंच पटलं. मीराताई, ऐकायला वापरा म्हणता, पण जो फरक आपला कान पकडतच नाही तो शंभरदा ऐकून काय होणार? आपण षटकारला शटकारच म्हणतो की. प्रॉषेला जिभेचं टोक वर, दातांच्या मागच्या उंचवट्याच्या मागे जातं, आणि प्रॉशेला टोक खालच्या दातांमागे राहून जिभेचा मधला भाग उचलतो. हे कोणीतरी सांगावंच लागतं, स्पीकर सांगत नाही. बाकी मराठी माणसाकडे अर्धी शिदोरी आधीच आहे. पोलिश सी म्हणजे आपल्या चमच्यातला च. 'हो' म्हणजे ताक, अगदी आपल्या ताकातला त, पण लोक इंग्रजीच्या सवयीने टाक म्हणतात. दात म्हणजे झेंबी (झाडातला झ) आणि हात म्हणजे रेंका, लिहिताना दोन्हीकडे तेच शेपटीवालं इंग्रजी ई (ę), पण बच्या आधी म् आणि कच्या आधी ङ्. आपला अनुस्वार तंबू आणि अंकात हेच करतो ना? ही गोष्ट मला कुठल्याच ॲपने सांगितली नाही.

मीरा_व्रॉत्स्वाफ:
जिभेचं पटलं, माझंही काकूंचे ओठ बघूनच सुटलं. रातपाळी दादा, भीड मोडायला माइक वापरा, त्याला ना नाही, पण बरोबर-चूक त्याला विचारू नका. काशा (मुलीचं नाव) आणि काषा (शिजवलेली भरड) हे दोन शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, फोर्वो नावाच्या वेबसाइटवर खऱ्या माणसांचे उच्चार मिळतात, ते शेजारी लावून ऐका आणि जमलं तर कुणा पोलिश माणसाला ऐकवा.

रातपाळी_पॉझ्नान:
काल ब्रेकमध्ये केलं. ॲपने दोन्ही शब्द बरोबर लिहून दाखवले. सुपरवायझरला रेकॉर्डिंग ऐकवलं तर त्याला दोन्ही वेळा काशाच ऐकू आलं. मग त्याने हातातला स्कॅनर खाली ठेवला आणि पाच मिनिटं माझ्याकडून काषा म्हणवून घेतलं, एवढं तो माझ्याशी वर्षभरात बोलला नव्हता. माइक मी सोडणार नाहीये, पण आज रात्री त्याला झेंबी विचारणार आहे.