ॲल्युमिनियम हाउसिंगवरचा रंग काढायला प्लास्टिक मीडिया चालेल का?

मकरपुरा_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं ब्लास्टिंग युनिट आहे, म्हणजे दाबाच्या हवेने दाणे मारून पृष्ठभाग साफ करतो. आजवर स्टील ग्रिट (पोलादाचे टोकदार दाणे) आणि ग्लास बीड (काचेचे गोल मणी) एवढंच केलंय. आता एका पार्टीकडून पंपाच्या ॲल्युमिनियम हाउसिंगचं काम येतंय. रंगात रिजेक्ट झालेला माल आहे, आम्ही रंग उतरवून द्यायचा, ते परत रंगवणार. अडचण अशी की बेअरिंगची बैठक आणि गॅस्केटचं तोंड आधीच मशीन झालंय, तिथे ओरखडा चालणार नाही. ग्लास बीडने सॅम्पल करून पाहिलं तर मोकळी जागा ठोकून चकचकीत होते आणि रंग मात्र खाचेत तसाच. पेंट रिमूव्हर नको, धुतलेलं पाणी टाकायचं कुठे?

सप्लायर म्हणतो युरिया रेझिनचा प्लास्टिक मीडिया (मारायचा दाणा) घ्या, धातूपेक्षा मऊ असतो, काही होत नाही. प्रेशर किती ठेवू? आणि वाळू मारायचा जुना पॉट (मीडिया भरायची दाबाची टाकी) पडून आहे, तोच वापरला तर?

दांडियाबाजार_काका

"धातूपेक्षा मऊ" हे सगळेच सप्लायर सांगतात. मोह्स स्केलवर (कठीणपणाची १ ते १० मोजपट्टी) पॉलिस्टर मीडिया ३, युरिया ३.५, मेलामाईन ४. शुद्ध ॲल्युमिनियम २.७५ च्या आसपास. आता तुम्हीच सांगा मऊ कोण! धातू वाचतो तो दाणा हलका असतो आणि प्रेशर कमी ठेवतात म्हणून. युरियाचा दाणा पाण्याच्या दीडपट जड, स्टील ग्रिट साडेसातपट. तुमच्या ऑपरेटरने सवयीने ग्रिटचं ८०-९० पीएसआय प्रेशर लावलं तर हाच "मऊ" मीडिया पृष्ठभाग खरवडून ठेवेल.

सुरुवात २०-२५ पीएसआयने करा, मग पाच-पाचने वाढवा. ॲल्युमिनियमवर ४० च्या वर जायची पाळी आली तर समजा की मीडिया नाहीतर रंग, दोहोंपैकी एक काहीतरी जमत नाहीये. आणि प्रेशर कंप्रेसरच्या घड्याळावर बघू नका. नोझलच्या अगदी मागे होजमध्ये सुई खुपसून मोजायचं गेज मिळतं, ते घ्या. लांब होजमध्ये किती पडतं ते बघून धक्का बसेल. नोझल काटकोनात धरू नका, तिरपी धरा. दाण्याला धारदार कोन असतात, ते रंग तडकवून कडेने उचकटतात. बीड गोल, तो नुसता ठोकतो. तुमच्या सॅम्पलमध्ये झालं ते हेच.

ही पद्धत मुळात विमानांसाठीच वाढली. अमेरिकी हवाई दलाने १९८० च्या दशकात यूटामधल्या हिल तळावर एफ-४ विमानांचा रंग अशाने काढायला घेतला, कारण मेथिलीन क्लोराईडच्या स्ट्रिपरचा (रंग काढायच्या रसायनाचा) घाण कचरा आणि माणसांच्या तब्येतीचा त्रास त्यांनाही नको होता. पत्रा पातळ असूनही टिकला, तुमचं कास्टिंग तर जाड आहे.

क्यूसी_वाघोडिया

काकांचं बरोबर आहे, पण पंपाचं हाउसिंग म्हटल्यावर मला पहिली भीती भोकांची वाटते. आंधळे टॅप (आरपार नसलेली आट्यांची भोकं), तेलाच्या वाटा, सगळीकडे धूळ जाऊन बसते आणि तेल लागलं की तिचा लगदा होतो. रबरी बुच लावूनच ब्लास्ट करा, नंतर कोरड्या हवेने फुंका, आणि बुच काढल्यावर टॉर्च लावून आत बघा. बैठकीवर नुसता मास्किंग टेप लावू नका, कडेने सुटतो. तिथे पीसला बसणारी नायलॉनची टोपी लेथवर करून घ्या.

स्क्रॅपमधला एक पीस मागून घ्या. बोअर गेजने बैठक आधी आणि नंतर एकाच खुणेवर मोजा, दोन्ही आकडे पार्टीकडे सही करून द्या. नंतर कोणी तोंड वर करून "साइज गेला" म्हणणार नाही.

आणि रंग कुठला आहे? लिक्विड की पावडर?

मकरपुरा_जॉबवर्क

दोन्ही आहेत, ताई. मोठं मॉडेल पावडर कोटिंगवालं.

दांडियाबाजार_काका

हे आधी सांगायचं ना भाऊ! नीट पिकलेली पावडर चिवट असते, प्लास्टिक दाणा तिच्यावरून उडून येतो. तासभर एकाच पीसवर घालवून भाव परवडत नाही. लिक्विड पेंटचं काम घ्या, पावडरचा दर वेगळा सांगा नाहीतर सरळ नाही म्हणा. कोणी भट्टीत जाळायचा सल्ला देईल. जाळायची भट्टी ४०० अंशांच्या आसपास चालते आणि टी-६ (उष्णतेने ताकद वाढवलेल्या) कास्टिंगचं एजिंग, म्हणजे शेवटचं तापवणं, झालेलं असतं साधारण १५०-१८० ला. म्हणजे रंगाबरोबर ताकदही गेली. ड्रॉइंगवर टी-६ लिहिलंय का ते बघूनच बोला.

आता पॉट. वाळूचा जुना पॉट वापरू नका. एक तर वाळूचा कण कोपऱ्यात राहतोच, आणि तो ७ कठीण. बैठकीवर एक रेघ ओढली की पीस बाद. दुसरं, प्लास्टिक हलकं असल्याने ते वाळूसारखं सरकत नाही, पॉटच्या तळाचा कोन ६० अंशांचा लागतो. उथळ तळात मध्ये भोक पडून हवाच येते आणि मीडिया कडेला उभा. पावसाळ्यात तर गोळेच होतात, तेव्हा एअर ड्रायर असल्याशिवाय जुलैत काम हाती घेऊ नका.

सायक्लोन (हवा फिरवून भुगा आणि चांगला दाणा वेगळा करणारं यंत्र) मात्र चांगला बसवा. हा मीडिया अनेकदा फिरवता येतो, म्हणूनच तो परवडतो. पण भुगा वेगळा निघाला नाही तर स्पीड पडतो, ऑपरेटर कंटाळून प्रेशर वाढवतो आणि आपण परत पहिल्या तक्रारीवर. तो भुगा पेटतोही, त्यामुळे कॅबिनेट, होज, डस्ट कलेक्टर सगळ्याला अर्थिंग. रंगमिश्रित भुगा घंटागाडीत टाकायचा नाही, विशेषतः खाली क्रोमेट प्रायमर असेल तर. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम त्यालाही लागू शकतात, जीपीसीबीच्या (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीत, आधी लिहून घ्या.

क्यूसी_वाघोडिया

मेशचं (दाण्याच्या चाळणी-मापाचं, आकडा मोठा तर दाणा बारीक) राहिलं. ३०-४० ने सुरुवात करा. २०-३० लवकर काढतो, पण खाचेत पोचत नाही.